आधी स्वतःला बांधा

ओळखीचं कुणी बोटीच्या सफरीला निघालं की मला विचारायला येतं. जेवण कसं असतं, समुद्र लागतो का, कपडे किती न्यावेत. मी सगळं सांगते, पण सुरुवात दारापासून करते. वारा असेल तेव्हा दाराच्या चौकटीला हात लावायचा नाही. बोटीवरची दारं लोखंडी असतात आणि बोट कलली की ती आपोआप मिटतात.

माझ्या पहिल्याच सफरीत एका गोऱ्या पाहुण्याची दोन बोटं अशी गेली. तो चौकट धरून बायकोशी हसत बोलत होता. तेवढ्यात दार आलं. तो ओरडला नाही, नुसता हाताकडं बघत राहिला. ओरडली ती बायको. बोटं मी जाजमावरून उचलली आणि रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेली. ती परत जोडता येणार नव्हती, हे मला माहीत होतं. तरी टाकून द्यायला हात होईना.

मी त्या बोटीवर नर्स होते. कंपनी मुंबईची, पाहुणे बहुतेक परदेशी. बेटं बघत, नाचत, खात-पीत हिंडायला आलेले. आणि मी भूमकडच्या एका गावातली, बुद्धवाड्यात वाढलेली. बहात्तरच्या दुष्काळात शाळा सोडून आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. दुष्काळ सरल्यावर मॅट्रिक झाले, सोलापूरला नर्सिंग शिकले, आणि तिथल्याच एका वरच्या सिस्टरांच्या ओळखीनं बोटीवर लागले. वडील तेव्हा नव्हते. आई आणि धाकटा भाऊ होता.

नोकरीचं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "पाण्यावर नोकरी? अन् बुडाली तर?"

"बुडत न्हाय, माय."

"हितं आड आटलाय अन् अक्का समुंदरावर निघाली," भाऊ म्हणाला. "येताना एक घागर घिऊन ये."

समुद्राचं पाणी खारं असतं, हे आईला मी त्या दिवशी सांगितलं. तिनं विश्वास ठेवला नाही.

बोटीवरचे डॉक्टर रत्नागिरीकडचे, वयस्क, कमी बोलणारे. जे मला येतं त्यातलं बरंचसं त्यांनी शिकवलं, आणि बहुतेक वेळा आरडाओरड्यातच. एका सफरीत संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी वादळानं आम्हाला गाठलं. मी नाचाच्या दालनाजवळच होते. आधी ताटं-पेले टेबलांवरून सुटले, मग टेबलं, मग माणसं. रेशमी कपड्यातल्या बायका भिंतीवर जाऊन आदळत होत्या आणि बोट दुसरीकडं कलली की त्याच बायका फुटलेल्या काचांवरून घसरत दुसऱ्या भिंतीकडं जात होत्या. मग पियानो सुटला. तो जमिनीला खिळ्यांनी बसवलेला होता. खिळे उपटून ते धूड दालनाच्या या टोकाकडून त्या टोकाकडं धावू लागलं. प्रत्येक धक्क्याला त्याच्या पोटातून सगळे सूर एकदम वाजायचे. गोव्याचा एक वाढपी त्याच्या आणि खांबाच्या मधे सापडला.

पियानो मागं हटला तेव्हा वाढप्याची मांडी फाटून उघडी पडली होती. रक्त उडत होतं, वाहत नव्हतं. मी धावले आणि दोन पावलांत तोंडावर आपटले.

"सिस्टर, रांगा!" डॉक्टर मागून ओरडले. ते स्वतः पोटावर सरकत येत होते. "लाजू नका, रांगा!"

मी रांगत त्याच्यापाशी पोचले. डॉक्टरांनी टेबलावरची एक चादर माझ्याकडं फेकली. "आधी स्वतःला खांबाला बांधा."

"तो मरतोय, सर."

"तुम्ही घरंगळत गेलात तर नक्की मरेल. बांधा!"

मी कमरेला चादर घालून खांबाला गाठ मारली. मग त्यांनी सांगितलं तसा वाढप्याच्या मांडीच्या मुळाशी गुडघा रोवला आणि सगळं वजन त्यावर टाकलं. रक्त थांबलं. त्यानं वेदनेनं माझ्या दंडाचा चावा घेतला आणि सोडेचना. पियानो अजून हिंडत होता. खलाशांनी त्याच्यावर गाद्या टाकून दोरानं आवळला, तोवर मी तशीच होते. तो वाढपी जगला, पण पुढच्या बंदरावर त्याचा पाय कापावा लागला. माझ्या दंडावर त्याच्या दातांची खूण राहिली.

त्यानंतर मी हळूहळू बोटीवरचं जगणं शिकले. वादळात गादीच्या बाहेरच्या कडेखाली जीवरक्षक जाकीट सारायचं, म्हणजे अंग भिंतीच्या खोबणीत बसतं आणि माणूस झोपेत खाली पडत नाही. पोट रिकामं ठेवायचं नाही. कोरडं काहीतरी चघळत राहायचं. कवळी काढून खिशात ठेवायची, कारण ती घशात गेलेला माणूस मी पाहिलाय. उंच टाचांच्या चपला बॅगेतच राहू द्यायच्या. पहिल्या दिवशीच आपल्या खोलीपासून वरच्या डेकपर्यंत भिंत चाचपत एकदा चालून यायचं. आणि प्यालेल्या माणसाला कधी समजवायला जायचं नाही. एकीला मी समजवायला गेले होते, तिनं बाटली माझ्या कपाळावर फोडली.

भांडणात काय करायचं, हे मला सारंगानं शिकवलं. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. बोटीवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असतं. एकदा ते बिघडलं. वर पाहुण्यांच्या आंघोळी चालूच राहिल्या आणि खाली नोकरांचा नळ बंद झाला. दिवसातून थोडा वेळ सुटायचा तेव्हा बादल्यांची रांग लागायची. एक दिवस कुणीतरी रांग मोडली. बघता बघता कढया, झारे, पट्टे निघाले. भांडी घासणाऱ्या एका पोरसवद्या खलाशाच्या तोंडावर कढई बसली आणि दात बाहेर आले. मी मधे पडायला निघाले, तर सारंगानं माझा हात धरला.

"बाई, मधे जायचं नाय. मारणाऱ्याला धरशील तर तुलाच बसंल. पडलेल्याचे पाय धर अन् वढ भाईर. माराया कुणी हाताशी न्हाय राहिला की मारामारी आपुआप सुटती."

मी वाकून, पायांतून शिरून त्या पोराला ओढून काढलं. सारंगानं आग विझवायचा नळ सोडून उरलेल्यांना खाऱ्या पाण्यानं झोडपलं. रजेवर घरी आल्यावर मी हे सगळं सांगितलं, तेव्हा माझा भाऊ हसत बसला. "म्हंजी पाण्यावर राहूनबी पाण्यासाठीच मारामारी," तो म्हणाला.

ते त्यानं म्हटलं त्याच रजेत आमच्या गावात मारामारी झाली.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ होता. आड, विहिरी कोरड्या. चावडीपाशी टँकर यायचा आणि नळीनं भांडी भरली जायची. आधी गाव, उरलं तर बुद्धवाडा. बहुतेक दिवस उरायचं नाही. गावात त्याच सुमाराला दुधाची सोसायटी निघाली होती. आम्ही तिला डेअरी म्हणायचो. आमच्या एका म्हशीचं दूध भाऊ तिथं घालायचा, तो सभासदही होता. चेअरमनचा पुतण्या डेअरीचं सगळं बघायचा. दांडगा गडी, भावाच्या वयाचा. दोघं एकाच वर्गात शिकलेले.

त्या सकाळी आई आणि मी घागरी घेऊन उभ्या होतो. गावाची रांग संपली. नळी आमच्याकडं यायची तर पुतण्यानं ती ओढून डेअरीच्या पिंपात सोडली. कॅन धुवायला पाणी लागतं, म्हणाला.

भाऊ पुढं झाला. "कॅन मागनं धू. माणसं सकाळपसनं हुबी हायती."

"डेअरी गावाची हाय. पाणी गावाचं हाय."

"डेअरीत माझ्या म्हशीचं दूध चालतंय," भाऊ म्हणाला, "मग नळीखाली माझी घागर का चालत न्हाय?"

पुतण्यानं नळी सोडली नाही. भावानं ती हिसकली. पुतण्याच्या हातात कॅन उचलायचा लोखंडी दांडा होता, तो त्यानं भावाच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी इतक्या वर्षांत कितीतरी वेळा ऐकला होता. भावाच्या हाडाचा आवाज वेगळा नव्हता. मला तो वेगळा वाटायला हवा होता, असं मात्र वाटत राहिलं.

मग दोन्हीकडची माणसं भिडली. काठ्या, घागरी, दगड. नळी सुटून जमिनीवर सापासारखी फटके मारत होती आणि सगळं पाणी मातीत चाललं होतं. एका म्हातारीच्या डोक्यात घागर बसली. आमच्यातला कुणी सरपण फोडायची कुऱ्हाड घेऊन आला. ती कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, मी पाहिलं नाही. पाहिलं ते एवढंच, की पुतण्या खाली पडला होता, त्याच्या मांडीतून रक्त उडत होतं आणि चारपाच जण त्याला लाथा घालत होते.

मी वाकले, पायांतून शिरले, त्याचे घोटे धरले आणि ओढलं. टँकरच्या चाकापर्यंत आणलं. चाकाला पाठ लावून बसले, टाचा मातीत रोवल्या आणि त्याच्या मांडीच्या मुळाशी गुडघा दाबला.

"अक्का, सोड त्याला!" आमच्यातलाच एक ओरडला. "त्यानं तुझ्या भावाचा हात मोडलाय!"

एक दगड माझ्या खांद्यावर बसला. कुठल्या बाजूनं आला, माहीत नाही. मी गुडघा काढला नाही. काढला असता तर तो तिथंच संपला असता. डोळ्यांच्या कडेला भाऊ दिसत होता, मोडलेला हात मांडीवर घेऊन, माझ्याकडं बघत. त्याचं हाड थोडा वेळ वाट बघू शकत होतं. या रक्ताला वाट बघता येत नव्हती. दवाखान्यात हे मी एका दमात ठरवलं असतं. तिथंही ठरवलंच, पण मान वर करून भावाकडं बघितलं नाही.

पदर फाडून बांधला. कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर त्याला घालून भूमच्या दवाखान्यात नेलं. वाटभर माझा गुडघा त्याच्या मांडीवरच होता. भावाला आई एसटीनं घेऊन आली, माझ्या बऱ्याच मागून.

तिथं वऱ्हांड्यात आई मला म्हणाली, "पाठच्या भावाला टाकून तू परक्याच्या अंगावर बसलीस."

"माय, त्यो मेला असता."

"मरू द्यायचा हुता." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. रजा संपेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

भावाला मी सांगायचा प्रयत्न केला. "त्यो मेला असता तर खुनाची केस झाली असती. सगळा वाडा आत गेला असता, तुझ्यासकट."

"गेलो असतो," भाऊ म्हणाला. "तू बोटीवर जाशील. मला रोज त्याच्या दारावरनं जायाचं हाय."

पोलीस येऊन आमच्यातल्या सात-आठ जणांना घेऊन गेले. भाऊ प्लॅस्टरमधला हात घेऊन कोठडीत बसून आला. पुतण्याच्या बाजूचं कुणी गेलं नाही.

पुतण्याचे टाके काढायची वेळ आली तेव्हा तो स्वतः आमच्या दारात आला. काठी टेकत, डोक्याला टॉवेल बांधून, बायकोला घेऊन. वाड्यातली माणसं दारांत येऊन उभी राहिली. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आमचा वाडा आतून पाहिला असावा.

"भूमला पुन्यांदा जाववत न्हाय," तो मला म्हणाला. "तुमी काढता का?"

मी त्याला ओट्यावर बसवलं आणि कात्री उकळायला ठेवली. भाऊ समोर बाजेवर होता. मी दोन टाके काढल्यावर पुतण्यानं मान वर न करता सांगितलं, "पोलिसांना म्या सांगितलंय. कुऱ्हाड कुणी घातली, म्या न्हाय बघितलं."

भाऊ म्हणाला, "म्या मातर बघितलंय, माझा हात कुणी मोडला."

पुतण्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मी उरलेले टाके काढले, जखम पुसली, आणि पाय भिजवायचा नाही, ओझं उचलायचं नाही, असं सांगितलं. तो उठला, काठी घेतली आणि आला तसा गेला. पुढं दोन्हीकडच्या केसेस मिटल्या. त्यानं भावाची माफी मागितली नाही आणि भावानं ती मिळेल अशी वाटही पाहिली नाही. टँकर पूर्वीसारखाच आधी गावाकडं वळत राहिला.

मी बोटीवर परत गेले. पहिल्याच आठवड्यात एक पाहुणी जिन्यावरून पडून मनगट मोडून आली, आणि तिची पट्टी मी बांधायची, सोडायची, परत बांधायची, असं करत राहिले. डॉक्टरांनी पट्टी माझ्याकडून घेऊन स्वतः बांधली आणि मला डेकवर जाऊन बसायला सांगितलं. वर पाहुणे पोहायच्या टाक्यात उड्या मारत होते, वाजंत्री चालू होती.

भावाचा हात वाकडा जुळला. दुधाचे कॅन त्याच्यानं उचलेनात. म्हैस विकून तो आईला घेऊन येडशीला गेला, स्टेशनजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. डाव्या हातानं पाना फिरवायला शिकला. मी रजेवर थेट तिथंच उतरायची. आई वाढायची, बोटीवर खायला काय मिळतं ते विचारायची, पण त्या सकाळचा विषय तिनं कधी काढला नाही. एकदा दुकानात मी एकटीच भावाजवळ बसले होते. चाकाच्या तारा आवळता आवळता तो म्हणाला, "अक्का, तवा तू माझ्याकडं एकदा बघाया पायजे हुतं."

"बघितलं असतं तर गुडघा सुटला असता," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि पुढची तार आवळायला घेतली.