हळूहळू उमटणारा फोटो

ऑफिसात त्याला सगळे फिकटराव म्हणायचे. वेबसाइटवरचं चित्र हळूहळू उमटवायचं आणि हळूहळू विरवायचं, यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. आता काय, एका ओळीत भागतं! तेव्हा प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा निराळी. बाकीच्यांना चित्र किती गडद हवं हे शून्य ते एकमध्ये सांगायचं, तर त्यातल्या एका जुन्या ब्राउझरला शून्य ते शंभरमध्ये. तिथे चुकून एक लिहिलं, की चित्र गायब! फिकटराव चार कॉम्प्युटर मांडून या खुर्चीवरून त्या खुर्चीवर उड्या मारायचा, आणि चारही चित्रं एका दमात उमटली की सगळ्यांना चहा पाजायचा.

त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरायला लागले तसं दुकान बंद झालं, आणि घरी मुलाचा जुना कॉम्प्युटर आला. रोज सकाळी ते त्याच्या कंपनीची वेबसाइट उघडायचे, पहिला फोटो सावकाश उमटताना बघायचे आणि आईला म्हणायचे, "हे आपल्या पोराचं काम."

मग ऑफिसात नवा साहेब आला.

"त्या जुन्या ब्राउझरकडे आता कुत्रंही फिरकत नाही," तो म्हणाला. "त्याच्यासाठीच्या ओळी काढून टाक."

फिकटरावाने आकडे बघितले. जुन्या ब्राउझरवरून रोज एकच माणूस यायचा. कोण, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण एका म्हाताऱ्यासाठी राहू द्या, असं कुठल्या तोंडाने सांगणार? फोटो दिसणार होताच, फक्त एकदम दिसला असता. बाबांना काय कळतंय, अशी स्वतःची समजूत घालून त्याने ओळी पुसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. एरवी फोन आईच करायची.

"चहा झाला का रे?"

"झाला."

"बरं." बाबा जरा घुटमळले. "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. नोकरी काय, दुसरी मिळते. तोवर घरी ये."

"नोकरीला काय झालंय, बाबा? मी ऑफिसातच आहे."

"मग आज फोटो धाडकन कसा आला? मला वाटलं, तुझ्या जागी दुसऱ्याला बसवलं."

फिकटरावाला हुंदका आवरेना. ओळी त्याने तिथल्या तिथे परत घातल्या आणि मग साहेबाला जाऊन खरं ते सांगितलं. साहेबाने पुन्हा विषय काढला नाही.

बाबा गेल्यावर फिकटरावाने त्या ओळी आपल्या हाताने पुसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर फोनकडे बघत बसला.