आखाजीला आले, व्हिसासाठी

पुण्याच्या भाड्याच्या घराची किल्ली मालकाच्या हातात ठेवली आणि गाडीत बसले, तेव्हा माझ्याजवळ एक बॅग, एक लॅपटॉप आणि एक इस्त्री होती. इस्त्री का उचलली, देव जाणे! लग्न मोडलं, भांडीकुंडी वाटून झाली, आणि इस्त्रीवर कुणी हक्क सांगितला नाही म्हणून ती माझी. ती घेऊन मी सकाळी जळगावला उतरले. चैत्र संपत आला होता. सूर्य पुरता वर यायच्या आतच वारा गरम लागत होता.

"पिंप्राळा," मी रिक्षावाल्याला म्हटलं.

"आखाजीले आल्या का ताई?" त्याने बॅग आत ढकलत विचारलं.

मी हो म्हटलं. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. खान्देशात दिवाळी एकवेळ चुकली तर चालते, पण आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी. त्याला खरं सांगत बसले असते, तर घर येईपर्यंत पुरलं नसतं. मी व्हिसासाठी आले होते. माझं काम लॅपटॉपवरचं, जगात कुठूनही करता येणारं. अशा लोकांना क्रोएशिया हा देश वर्षभर राहू देतो, असं वाचलं होतं. समुद्राकाठचं एक गाव चित्रात पाहिलं आणि ठरवून टाकलं. अर्ज ऑनलाइन करायचा, त्या देशाच्या बाहेर राहून करायचा. त्यासाठी मला पाठीशी एक पत्ता हवा होता, आणि जगात माझ्याजवळ तो एकच उरला होता.

नाना, म्हणजे माझे वडील, फाटकात उभे होते. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शर्टाला कडक इस्त्री अजून सुटलेली नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. कुणीच नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी पाहिलंच.

आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीने सणाला आपलीआपण यायचं नसतं. माहेरहून तिला आणायला माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. भाऊ जातो बहुधा. मला भाऊ नाही, म्हणून दर आखाजीला नाना पुण्याला यायचे. खुर्चीच्या कडेवर बसायचे, चहा अर्धाच प्यायचे आणि म्हणायचे, "चाल मग, बस सुटी जाई." जणू बाहेर त्यांचीच बस उभी आहे आणि घंटीची दोरी त्यांच्याच हातात आहे. परतीच्या वाटेवर मी खिडकीपाशी बसून शेंगा खायची आणि मला वाटायचं, या माणसाबरोबर कुठेही जावं. आता सासरच उरलं नाही, तर आणायला कुणी कुठे यायचं? या वर्षी मी पहिल्यांदा एकटी आले.

दुपारी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि झणझणीत शेवभाजी खाऊन, कूलरसमोर लॅपटॉप उघडला. नाना शेजारी येऊन बसले. फॉर्म इंग्रजीत, मी एकेक प्रश्न मराठीत सांगत भरत होते. कमाई किती, विमा आहे का, राहणार कुठे.

"तुले बलावनं कोनी?" नानांनी मध्येच विचारलं.

"कुणीच नाही. तसं लागत नाही."

"बिनबलावती जाशी? नि परत आनाले कोन येई?"

"मी काय लहान आहे? येईन माझी मी."

नाना उठले आणि कूलरमध्ये पाणी ओतत बसले. कूलर भरलेलाच होता.

फॉर्मवर 'जन्मगाव' असा रकाना आला तेव्हा मी 'यावल' लिहिलं आणि एकदम तिथे जावंसं वाटलं. काम काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठून भुसावळमार्गे एसटी धरली. तापी ओलांडली की दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू होतात आणि खिडकीतून येणारा वारा चक्क गार होतो. मागे सातपुडा, उन्हात धुरकट. नाना यावल डेपोत होते तेव्हा मी शाळा सुटली की स्टँडवर त्यांची गाडी यायची वाट बघत बसायची. तो बाक आता नाही. स्टँडवरच्या चहावाल्याने माझं तोंड निरखून विचारलं, "कोनाकडचे तुम्ही?" नानांचं नाव सांगितलं, तर म्हातारा हसला. "गाडी सुटायच्या आधी सगळ्या बायांना चढू देणारे? अरे वा! बसा ना!" चहाचे पैसे काही केल्या घेईना. त्याने सोबत घडातली पिकली केळी बांधून दिली. परतीच्या बसमध्ये ती केळी सोबत आणलेल्या लॅपटॉपच्या पिशवीतच चेपली, आणि मी अर्धा रस्ता चार्जर पुसत आले.

घरी आले तर नाना खुशीत होते.

"पोलीस येई गया," ते म्हणाले. "तुना दाखलानासाठे. त्याले चहा पाजा. बठ्ठं (सगळं) सांगी टाकं."

व्हिसासाठी पोलिसांचा दाखला लागतो, आणि त्यासाठी दिलेल्या पत्त्यावर माणूस खरंच राहतो का हे पाहायला पोलीस घरी येतो. दाखल्याचा अर्ज मी कालच टाकला होता, पोलीस आजच येईल असं वाटलं नव्हतं.

"काय सांगितलंत?"

"खरं तेच. मन्ही अंडेर (लेक) पाहुनी शे. आखाजीले उनी शे. चार दिनमा चालनी जाई."

"नाना! त्याने विचारलं होतं मी इथे राहते का!"

"मंग? लेक माहेरले राहस का कधी?"

त्यांनी एक शब्द खोटा सांगितला नव्हता. आमच्याकडचा कुठलाही बाप हेच सांगेल. लेक पाहुणीच असते, तिची उठबस पाहुणीसारखी करायची, यात कौतुकच असतं. पण पोलिसाने कागदावर लिहून नेलं की अर्जदार या पत्त्यावर राहत नाही. पुढच्या दोन दिवसांत पोर्टलवर तसा शेरा दिसलाही. दाखला नाही तर व्हिसा नाही. आणि त्याहून मला दुसरंच लागलं. पुणं सुटलेलं, इथे मी पाहुणी, तर मी राहते कुठे? हे नानांना विचारायची हिंमत झाली नाही. मी नुसती धुमसत राहिले, भांडी जरा जास्तच आपटली.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना धुळ्याला निघाले, त्यांच्या थोरल्या बहिणीला आणायला. अक्काला पंच्याहत्तरी उलटली, घरात सुना-नातवंडं, तरी नाना दरवर्षी तिचे मुऱ्हाळी म्हणून जातात. मीही गेले, रागातच. एरंडोल, पारोळा मागे पडलं. नानांनी शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मग खाल्ल्या, कारण भूक लागली होती.

अक्का पिशवी भरून ओट्यावरच बसली होती. माझा चेहरा पाहून, मी पाणी प्यायच्या आधीच तिने माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि नानांकडे वळली.

"अरे येड्या! मले दरसाल लेवाले येस तू. मी पाहुनीच शे, मन्हं घर धुयाले (धुळ्याला) शे. हिनं घर कोठे शे? सांग बरं?"

नाना खाली बघत राहिले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मन्हा ध्यानमाच नहीं उनं," ते हळूच म्हणाले.

अक्काने तेवढ्यावर सोडलं असतं तर ती अक्का कसली! परतीच्या बसमध्ये तिने सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असं भावाला सुनावलं. पुढच्या सीटवरचा एक गृहस्थ मान वळवून म्हणाला, "बाबा, अक्का खरं सांगी राह्यनी."

आखाजीच्या सकाळी नानांनी आईच्या नावाची घागर भरली. मातीची नवी घागर, वर डांगर (खरबूज), शेजारी आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. ही पोळी हातावर फिरवून मोठी करत उपड्या खापरावर टाकतात. आईच्या हातून ती चादरीसारखी पसरायची, माझी तीनदा फाटली. अक्का म्हणाली, "राहू दे, तिले फाटेलबी गोड लागी." मग तिने मला अंगणातल्या कडुनिंबाच्या झोक्यावर बसवलं आणि आखाजीची गाणी म्हटली. तिचा आवाज आता कापतो. मी झोक्यावर बसून रडले, चांगली हुंदके देऊन. अक्काने गाणं थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीचा शर्ट घालून तयार. शर्ट माझ्याच इस्त्रीने केलेला, पुण्याहून आणलेल्या.

"चाल," म्हणाले. "पोलीस स्टेशनले जाऊ."

तोच हवालदार टेबलाशी होता. नानांनी हात जोडले आणि शुद्ध मराठीत बोलू लागले. ते शुद्ध बोलायला लागले की समजावं, घाबरलेत.

"साहेब, त्या दिवशी माझ्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. ही पाहुणी नाही. घर हिचं आहे. ही तिथंच राहते."

"मग त्या दिवशी पाहुणी का म्हणालात, बाबा?"

"जुनी सवय, साहेब. लेकीला पाहुणीच म्हणत आलो."

हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसला. "माझी आईपण माझ्या बहिणीला तेच म्हणते. येतो मी परत संध्याकाळी. शेजारचे दोघं जण बोलावून ठेवा."

तो आला, शेजाऱ्यांनी सांगितलं, शेरा बदलला. दाखला मिळाला, अर्ज गेला. पुढे बऱ्याच आठवड्यांनी, मी घरातच पडवीत मीटिंगमध्ये असताना, व्हिसा मंजूर झाल्याची मेल आली. मी ओरडले. नानांनी काय झालं विचारलं, मी सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले आणि बाजारातून जिलबी घेऊन आले. त्यातली एकही त्यांनी खाल्ली नाही.

क्रोएशियात मी मजेत राहिले. समुद्र चित्रात होता त्याहून निळा निघाला, लोक भले, मासे ताजे. पण उन्हाळा लागायला आला आणि तिथल्या कुणालाही आखाजी माहीत नाही, याचा मला उगाच राग येऊ लागला. मुदत संपत आली होती. मी नानांना फोनवर विमानाचा दिवस सांगितला. ते नुसतं "हं" म्हणाले.

मुंबईच्या विमानतळाबाहेर आले, तर गर्दीत कठड्याला धरून नाना उभे! कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्याला शेंगांची पिशवी, आणि खिशातून डोकावणारा कोराकरकरीत निळा पासपोर्ट.

"हे काय नाना? पासपोर्ट कशाला?"

"तुले लेवाले येवानं व्हतं तठे. पन तो काढा नि कळनं का व्हिसाबी लागस." त्यांनी पासपोर्ट खिशात नीट दाबला. "मंग म्हनं, आठेपावत (इथवर) तरी जाऊ."

गाडीत बसल्यावर मी शेंगा सोलत विचारलं, पासपोर्टसाठी पोलीस घरी आला होता का.

"उंथा ना, तोच हवालदार. इचारे, घरमा आखो (आणखी) कोन राहस?"

"मग? काय सांगितलंत?"

नाना खिडकीबाहेर बघत होते.

"सांगं, मन्ही अंडेर राहस. आते जराशी बाहेर गयेल शे."