तीन कोरफडी आणि एक मिशी

कोरफडीने केस वाढतात असं सगळं जग सांगतं. माझी मात्र कोरफडीपायी मिशी गेली.

मिशी साधी नव्हती. पाटबंधारे खात्यात राधानगरीला उभी नोकरी केली ती या मिशीच्या जोरावर. (पाणी सोडायचा हुकूम माझा असायचा, पण लोक नमस्कार करायचे ते मिशीला.) निवृत्त होऊन शिवाजी पेठेतल्या घरी परतलो, तेव्हा गच्ची रिकामी होती आणि मीही. रिकाम्या माणसाला कोल्हापुरात दोनच उद्योग असतात, एक तर फुटबॉलवर मतं ठोकायची, नाहीतर मंडळ काढायचं. मी गच्चीवर बाग केली, बागेचं मंडळ काढलं आणि स्वतःला अध्यक्ष नेमून टाकलं. सभासद एकच, माझी बायको शालन. ती एकाही बैठकीला आली नाही.

अध्यक्षाकडे काहीतरी जगावेगळं हवं, म्हणून पेठ वडगावजवळच्या एका रोपवाटिकेत गेलो. तिथल्या मालकाने तीन कुंड्या पुढे सरकवल्या.

"पावणं, ही साधी कोरफड न्हवं. आफ्रिकेतली झुडपी हाय! बारीक फांद्या फुटून दाट झुडूप हुतंय, आणि तुरं आलं की नाद खुळा! हिच्यात निसर्गानंच जाती केल्यात. ही पिवळ्या फुलाची, ही लाल फुलाची, आणि ही दाट तुऱ्याची."

"तिन्ही सारख्याच दिसत्यात की."

"फुलं आल्यावर कळतंय."

हे वाक्य मी तिथंच बसून नीट ऐकायला हवं होतं. पण मी तोवर कुंड्या उचलल्या होत्या.

घरी आल्यावर कोरफडींना पाणी द्यायला सुरुवात केली. कोरफडीला पाणी कमी लागतं म्हणतात, पण पाटबंधाऱ्यातल्या माणसाचा हात आखडत नाही! सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक पाळी, आणि मधे प्रत्येकीसमोर उभं राहून तिच्या जातीची माहिती. झुडपं तरारली, फांद्यांना फांद्या फुटल्या. फूल मात्र एक नाही.

फूल नसलं म्हणून फ्लेक्स थांबत नाही. पेठेत लोक कुत्र्याच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावतात, मग आफ्रिकेच्या पाहुण्यांनी काय घोडं मारलंय? घरावर भला मोठा फ्लेक्स चढवला, 'झुडपी कोरफडीच्या तीन नैसर्गिक जातींचे करवीरनगरीत आगमन!' मधोमध गॉगल लावलेला माझा फोटो, मिशीसकट. कोरफडी खालच्या कोपऱ्यात, दिसतील न दिसतील अशा.

लोक यायला लागले.

"पावणं, फूल कुठं हाय?"

"यायचंय."

"मग आगमन कुणाचं झालंय?"

आमच्या घराच्या तळमजल्यावर सलीमभाईंचं मोटरसायकलची सीट कव्हरं शिवायचं दुकान आहे. ते एकदा वर आले, तिन्ही झुडपांची पानं कापड पारखावं तशी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "बळवंतराव, ह्यो एकाच ताग्यातला माल हाय."

गच्चीवर तालमीतली चार पोरं उभी होती. त्यांच्यासमोर अध्यक्षाचा अपमान! माझा तोल गेला.

"तीन जाती हाईत! तिन्हींची फुलं एकसारखी निघाली तर ही मिशी काढतो!"

सलीमभाईंनी हळूच जिन्याकडे बघून हाक मारली, "वहिनी, ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं की," खालून शालन म्हणाली. "सगळ्या पेठेनं ऐकलं."

त्या दिवसापासून मला झोप लागेना. पाणी वाढवलं, माहिती वाढवली. फुलं आली नाहीतच, उलट पानं पिवळी पडायला लागली. शालनचं निदान तयार होतं. "दृष्ट लागलीया. एवढा मोठा फोटू लावल्यावर लागणारच की!"

मी हसलो आणि खात्यातल्या एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला राधानगरीला गेलो. मधे अमावस्या होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. परत येऊन गच्चीवर पळालो तर तिन्ही कुंड्या रिकाम्या!

ओरडत खाली आलो आणि चौकटीवर नजर गेली. आमच्याकडे अमावस्येला कोरफड मुळासकट उपटून दारावर उलटी टांगतात, म्हणजे दृष्ट घरात न शिरता तिच्यातच अडकते. माझी पिवळ्या फुलाची जात दारावर डोकं खाली, मुळं वर अशी लोंबत होती.

"शालन! अगं, ही कोरफड..."

"व्हय, कोरफडच टांगत्यात."

"आफ्रिकेतली हाय ती!"

"मग तिकडची बी दृष्ट जाईल."

"बाकीच्या दोन कुठं हाईत?"

लाल फुलाची सलीमभाईंच्या दुकानावर. (त्यांनी स्वतः मागून नेली होती, "वहिनी, आमच्या धंद्याला बी एक द्या की.") आणि दाट तुऱ्याची थेट फ्लेक्सवर, माझ्या फोटोच्या बरोबर कपाळावर!

मी स्टूल आणलं.

"हात लावू नगासा!" शालन कडाडली. "टांगलेली काढली की सगळी दृष्ट परत घरात!"

"माझी तर आजिबात काढायची न्हाई," खालून सलीमभाई. "टांगल्यापास्नं गिऱ्हाईक वाढलंय."

मी विज्ञान मानणारा माणूस. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण तिसरी लोंबत होती माझ्याच फोटोवर... उगाच कशाला? मी स्टूल जागेवर नेऊन ठेवलं.

आणि मग घडलं ते विपरीतच! माती नाही, पाण्याचा थेंब नाही. तरी त्या फांद्यांची टोकं हळूहळू वळली, वर बघायला लागली, आणि एक दिवस तिन्ही झुडपांना कळ्यांचे तुरे! पेठ लोटली. तालमीतली पोरं फायनलची मॅच असावी तशी रस्त्यावर जागा धरून बसली.

दारावरची पहिली उमलली. पिवळी!

"बघा! पिवळी जात!" मी उडीच मारली.

दुकानावरची उमलली. तीही पिवळी.

"ही लालच हाय," मी म्हणालो, "उन्हानं रंग उडालाय."

"दुकानाला पत्रा हाय की वर," सलीमभाई शांतपणे म्हणाले.

फ्लेक्सवरची उमलली. तुरा विरळ, रंग पिवळा, आणि त्याच्याखाली गॉगल लावून हसणारा मी.

रोपवाटिकेत फोन लावला. मालक म्हणाला, "फुलं आल्यावर कळतंय, म्हणलो हुतो की. आता कळलं न्हवं?"

सलीमभाईंच्या दुकानातच न्हाव्याला बोलावलं. मला वाटत होतं, कुणीतरी 'जाऊ दे' म्हणेल. कुणीही म्हणालं नाही. आरशात बघितलं आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं हो! शालनने लग्नानंतर पहिल्यांदाच माझा वरचा ओठ बघितला. बराच वेळ निरखून म्हणाली, "आवं, तुम्ही तर तुमच्या आत्याबाईवानी दिसालायसा."

आता लोक लांबून फुलं बघायला येतात आणि फ्लेक्सकडे बोट दाखवून मलाच विचारतात, "पावणं, हे मिशीवालं अध्यक्ष कुठं भेटतील?" मी सांगतो, गावाला गेलेत.

परवा न राहवून शालनला विचारलं, "मी एवढी निगा राखली तवा फूल न्हाई, आणि उलटी टांगल्यावर कशी फुलली गं?"

"पाणी न्हाई, खत न्हाई, आणि तुमचं भाषण न्हाई. निवांत फुलली बिचारी."

मी आरशासमोर उभा राहून ओठावर साध्या कोरफडीचा गर चोळत होतो. सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक पाळी, आणि मधे मिशीला चार समजुतीचे शब्द. अजून चिन्ह नाही.

"अशी यायची न्हाई ती," शालन म्हणाली. "गर बंद करा, भाषण बंद करा, आणि अमावस्येला चौकटीला उलटं लोंबकळा. बघा कशी फुटतीया!"

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. चौकट माझं वजन पेलेल का, एवढंच फक्त सुताराला विचारून ठेवलंय.