फक्त मी उघडेन असा पत्ता

दहावीनंतर प्रवेशासाठी ई-मेल हवा होता, तेव्हा माझा पत्ता मामाने काढला. मामाचं मुरगूडच्या स्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. आम्हा सगळ्या भावंडांचे पत्ते त्यानेच काढले, सगळ्यांना स्वतःचा मोबाइल नंबर जोडला आणि सगळे स्वतःच्या फोनवर कायमचे उघडे ठेवले. त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. फॉर्म भरताना ओटीपी लागतो आणि पोरं वेळेवर फोन उचलत नाहीत, एवढंच त्यामागचं कारण. सुट्टीत आम्ही दुकानात बसायचो तेव्हा तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायचा. फॉर्ममधला रकाना कधी रिकामा सोडायचा नाही. लिहायला काही नसेल तर ‘लागू नाही’ असं लिहायचं. “रिकामा रकाना दिसला की सायबाला संशय येतोय बघ.”

कॉलेज संपलं, मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत निर्यातीची कागदपत्रं तयार करायची नोकरी लागली, तरी पत्ता तोच राहिला. पुण्याच्या एका कंपनीत मी घरी न सांगता अर्ज केला होता. एका दुपारी आईचा फोन आला. मामाने तिला कळवलं होतं आणि तिने मला कळवलं, की पुण्याहून ‘नाही’ म्हणून आलंय. तोवर ते पत्र मी उघडलंही नव्हतं. संध्याकाळी मामाचाही फोन आला. “जाऊ दे गं. पुण्यात प्यायला पाणी तरी धड हाय का?” तो मनापासून समजूत काढत होता. मी “हो, जाऊ दे” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पासवर्ड बदलला. दुपारपर्यंत मामाने त्याच्या नंबरावर ओटीपी मागवून खातं परत मिळवलं आणि मला फोन केला. “कुणीतरी हॅक केलतं तुझं. मी वाचवलं बघ.” मी त्याचे आभार मानले. दुसरं काय म्हणायचं असतं ते मला त्या वेळी सुचलं नाही. अशा वेळी मला सहसा काही सुचत नाही, आणि पुढची गोष्ट त्यातूनच सुरू होते.

ऑफिसात मी कामाची आहे, पण मीटिंगमध्ये माझा आवाज निघत नाही. नाव पुकारलं की घसा कोरडा पडतो, हात थंड होतात, आणि माहीत असलेलं उत्तर शेजारचा देऊन जातो. हे वाढत गेलं. पुढे फोन वाजला तरी छातीत धडधडायला लागलं. मग मी पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंची व्हिडिओवर वेळ घेतली. जेवणाच्या सुट्टीत गोदामामागे, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला उभी राहून मी त्यांच्याशी बोलले. म्हणजे त्या बोलल्या. शेवटी त्या म्हणाल्या, “तुम्हाला लिहायला सोपं जात असेल तर लिहून पाठवा. घाई नाही. मात्र फक्त तुम्हीच उघडाल अशा पत्त्यावरून पाठवा.”

घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मनाचे उपचार चालू आहेत हे एकदा मामाच्या फोनवर उमटलं की ते मामीला कळणार, मामीकडून आईला, आणि तिथून ज्यांच्याकडे माझी माहिती दिली होती त्या घरांपर्यंत जाणार. त्या घरांचं मला फारसं काही वाटत नव्हतं. पण उपचार बंद करायला लावतील, याची खात्री होती. म्हणून आधी पत्ता, मग पत्र.

जुना पत्ता ज्या कंपनीचा होता, तिथेच दुसरा काढता आला असता. पण तिथे पुन्हा नंबर मागतात, माझं सिम बाबांच्या नावावर आहे, आणि एव्हाना मी वाचायला लागले होते. कंपनीच्या बसमध्ये सगळे डोळे मिटून बसतात किंवा व्हिडिओ बघतात. मी गोपनीय ई-मेलबद्दल वाचायची. पत्रं कुलूपबंद ठेवतो, किल्ली फक्त तुमच्याकडे, आम्हालाही वाचता येत नाहीत, असं सांगणाऱ्या बऱ्याच कंपन्या निघाल्या. सगळ्या लांबच्या, थंड देशांतल्या. प्रत्येकीच्या पानावर बर्फाचे डोंगर किंवा कुलपाचं चित्र.

मग त्यांच्या भानगडी वाचनात आल्या. पहिलीने कसलीच नोंद ठेवत नाही असं लिहिलं होतं. मग कोर्टाचा आदेश आला, तिने कुणाची तरी माहिती पोलिसांना दिली आणि नंतर पानावरचं ते वाक्य गुपचूप बदललं. दुसरीच्या मालकाने राजकारणावर काहीतरी लिहिलं आणि अर्धे ग्राहक भांडून निघून गेले. त्या भांडणाची पानंच्या पानं मी वाचली. त्या देशातले पक्ष मला आता इथल्या पक्षांइतके पाठ आहेत. तिसरी विकली गेली होती, आणि विकत कुणी घेतलं ते नीट कुणी सांगत नव्हतं. चौथी दोघेजण मिळून चालवत होते. त्यांच्याबद्दल कुणीच वाईट बोलत नव्हतं. पण उद्या त्या दोघांचं बिनसलं तर? मुरगूडला दोन भावांची दुकानं मध्ये भिंत घालून वेगळी झालेली मी पाहिली आहेत.

काही कंपन्या आपल्या प्रोग्रॅमचा सगळा कोड उघडा ठेवतात. ज्याला हवा त्याने तपासून बघावा. हे वाचताना मला बाबा आठवायचे. आमच्याकडे पिशवीचं दूध येत नाही. बाबा चौकातल्या कट्ट्यावर जातात, तिथे म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून दूध देतात. समोर काढलं तरी बाबा आधी म्हणतात, “बादली उलटी करून दाव.” गवळी म्हणतो, “रोज दावतोय की, मालक. आता म्हशीलाबी पाठ झालंय.” आणि उलटी करून दाखवतो. लहानपणी मी सोबत जायची आणि मला त्या गवळ्याची लाज वाटायची. आता मी परदेशातल्या कंपन्यांच्या बादल्या बघत होते. फरक एवढाच, की बाबांना तळाशी पाणी असेल तर ते दिसतं. उघड्या कोडात काय बघायचं ते मला कळत नव्हतं. बघणारे बघत असतील, या भरवशावर मी तिथे उभी होते. म्हणजे शेवटी विश्वासच.

समुपदेशक बाईंचा मेसेज आला, लिहायला सवड मिळाली का? मी कळवलं, अजून कंपनी ठरवते आहे. काही दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी त्यांना कोर्टाच्या आदेशाबद्दल एक मोठा मेसेज लिहिला. त्यावर त्यांचं उत्तर आलं, “हे सगळं तुम्ही फार छान लिहिता.” त्यात टोमणा नव्हता, पण मी फोन पालथा ठेवला.

शेवटी मी पहिली कंपनी निवडली, पोलिसांना माहिती देणारी. कारण साधं होतं. तिने काय दिलं आणि काय देता आलं नाही, दोन्ही जगाला कळलं होतं. पत्रं उघडता आली नव्हती. माझं पोलिसांशी काही वैर नव्हतं. मला फक्त मुरगूडपासून लांब राहायचं होतं.

शनिवारी ऑफिसात काम कमी होतं तेव्हा खातं काढलं. नाव खोटं घेतलं, पासवर्ड लांबलचक घेतला. शेवटी एक रकाना होता. पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडेल असा दुसरा ई-मेल, ऐच्छिक. मी माझा जुना पत्ता टाकला आणि बटण दाबलं. विचार केला नाही. रकाना रिकामा दिसला आणि हात गेला. जुन्या पत्त्यावर लगेच पत्र गेलं असणार, की अमुक नव्या खात्याला हा पत्ता जोडला आहे, तो आपलाच आहे ना? ते मी पाहिलं नाही. मी नव्या खात्यातलं कोरं पान उघडून बसले होते. त्यावर ‘डिअर मॅडम’ लिहिलं आणि खोडलं. मग नुसतं ‘नमस्कार’ लिहिलं. तेवढ्यात सुटीची बेल झाली.

रविवारी सकाळी मामा थेट घरी आला, मोटारसायकलवर, न कळवता. मी कांदे चिरत होते. आई भाकरी थापत होती आणि बाबा पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

“आक्का, पोरीला कुणीतरी फसवायलंय,” मामा पाणी प्यायच्या आत म्हणाला. “हिचा पत्ता जोडून परदेशात खातं काढलंय. मी त्या कंपनीची सगळी माहिती काढली. लई बदनाम कंपनी हाय. पोलीस केस झालीया.”

“कसलं खातं? बँकेचं?” आईने हात थांबवले.

“मेलचं.”

“मग त्यात काय न्यायचंय कुणी? तिच्या मेलात असतंय काय?”

“तसं न्हाय आक्का. बघ हे.” मामाने फोन पुढे केला. मी आठवडेच्या आठवडे वाचलेली तीच पानं त्याने एका रात्रीत शोधून काढली होती, मराठीत भाषांतर करून. कोर्ट, आदेश, बदललेलं वाक्य, सगळं होतं. त्याला ते माझ्यापेक्षा लवकर सापडलं, याचं मला थोडं कौतुकही वाटलं.

“मीच काढलंय,” मी म्हणाले.

“तू?”

“हो.”

मामा खाली बसला. “मग आपलं हाय की एक. दुसरं कशाला?” मी पुढचा कांदा चिरायला घेतला. “न्हाय, मला कळू दे तरी. ह्यात असं लपवायचं काय हाय तुला?”

बाबांनी पेपर खाली घेतला. आई माझ्याकडे बघत होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती आणि ती कुणीच उलटत नव्हतं. माझे हात थंड पडले, घसा नेहमीसारखा कोरडा झाला. शेजारी उत्तर देणारं कुणी नव्हतं.

“ते सांगायचं असतं,” मी म्हणाले, “तर वेगळं खातं कशाला काढलं असतं, मामा?”

बाबा हसले. मोठ्याने, कट्ट्यावर हसतात तसे. “घे! दे आता उत्तर.”

“हसू नका दाजी,” मामा म्हणाला. “लग्नाची पोरगी हाय.”

“म्हणून काय तिनं मेल काढायचा न्हाय?” आई म्हणाली आणि भाकरी उलटली. ती काळी झाली होती. ती तिने बाजूला ठेवली.

मामाला वाईट वाटलं होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो म्हणाला, “मी काय वाचत बसतोय व्हय तुमची पत्रं? वरवर दिसतंय तेवढंच बघतो. तेबी तुमच्यासाठी.” ते खरं होतं. वरवर दिसतं तेवढंच पुरेसं असतं, हे मला बोलता आलं असतं. पण माझं त्या दिवसाचं बोलणं संपलं होतं. त्याने आपला फोन माझ्यासमोर ठेवला. “काढ माझा नंबर. उद्या ओटीपी आला न्हाय म्हणून मला फोन करू नको.” मी जुन्या खात्यातून त्याचा नंबर काढला, माझा घातला, आणि त्याच्या फोनवर उघडं असलेलं ते खातं बंद केलं. नव्या खात्यातून जुना पत्ता काढला. तेव्हा नव्या कंपनीने इशारा दिला, की आता पासवर्ड विसरलात तर तुमची पत्रं आम्हीही परत देऊ शकणार नाही. मी मान्य केलं. मामा खांद्यावरून वाचत होता. “बघ, काय लिहिलंय बघ,” तो म्हणाला. “आणि ह्यास्नी चांगलं म्हणायचं.”

जेवून तो गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही, फक्त दारातून म्हणाला, “पासवर्ड कुठं लिहून ठिऊ नको.” नंतर बरेच दिवस त्याचा फोन आईला यायचा, मला नाही.

संध्याकाळी मी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. आई आली आणि दुसऱ्या टोकाकडून काढायला लागली. बराच वेळ ती माझ्याकडे बघत नव्हती.

“काय हाय ते मला सांगू नको,” ती म्हणाली. “पण तू बरी हाईस न्हवं?”

“आहे,” मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि कपड्यांचा गठ्ठा घेऊन आत गेली.

सोमवारी बसमध्ये मी खिडकीजवळची जागा घेतली. शेजारी बसलेली स्टोअरमधली बाई झोपली होती. नवं खातं उघडलं. ‘नमस्कार’ तसंच होतं. त्याखाली लिहिलं, काल आईने विचारलं, बरी आहेस ना, आणि मी आहे म्हणाले. एवढं लिहिल्यावर पुढचं आपोआप यायला लागलं, आणि बस एमआयडीसीच्या फाटकातून आत शिरली तरी मी लिहीतच होते.