रिकामा चौक

बुधीचा नवरा बोईसरच्या एका कारखान्यात टाकी साफ करताना मेला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. उमरोळीच्या मागल्या अंगाला तिचा वारली पाडा. तिच्याइतकी सरळ रेघ ओढणारा हात त्या पाड्यात दुसरा नव्हता. पण लग्नघराच्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढायचा तो सवाशिणींनी. रांडावलेल्या बाईने त्या भिंतीला शिवायचं नाही. तेव्हा राहीबाई म्हणाली होती, "भिंत नाय तुझी, पण पीठ तुझंच. तुझ्यासारखं मऊ कोणी वाटत नाय." राहीबाई म्हणजे पाड्याची धवलेरी. लग्न लावणारी, गाण्यातून देवीला चौकात बोलावणारी. तिचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती. पाच वर्षं प्रत्येक लग्नाचं पीठ बुधीनेच वाटलं. तेवढ्यावर ती पाड्यात बाई म्हणून उरली होती.

चौऱ्याऐंशी साली विद्यापीठाने आदिवासी पोरापोरींसाठी पालघरला मास्तरकीचा वर्ग काढला. बुधी दहावी झालेली, तिला घेतलं. वर्ग चालवणारे सर भला माणूस. तुमचंच तुमच्या पोरांना शिकवा, म्हणायचे. शेवटच्या परीक्षेचा पाठ आपापल्या पाड्याच्या शाळेत घ्यायचा ठरला आणि सरांनी तिला विषय दिला चौकाचा. बुधीने दोनदा सांगून पाहिलं की दुसरं काही द्या, भाताच्या जाती देते, रानभाज्या देते. ते हसून म्हणाले, चित्र तर तुझ्या हातात आहे. विधवेचं कारण तिच्या तोंडून निघालं नाही. पाठ नाही तर पास नाही, आणि पास नाही तर पुन्हा भट्टीवर विटा वाहायच्या.

तिने मनाशी तोड काढली. फळ्यावर चारी बाजूंची नक्षी काढायची, मधली देवी काढायचीच नाही. देवी नाही म्हणजे चौक नाही.

खडूने तिने सुरेख चौकट भरली. मध्ये काळा फळा तसाच. सरांनी विचारलं, "देवी कुठे आहे?"

"तिला बोलवाया धवलेरी लागते, सर. ती आल्याबिगर काढत नाय."

सर खूश. वहीत लिहून घेतलं. बुधी वर्गात पहिली आली.

पाठाचा तो दिवस मावळायच्या आत शाळेतल्या पोरांनी बुधीने चौक काढल्याचं घरोघर सांगितलं होतं. राहीबाई चार दिवसांनी आली, उंबऱ्यात बसली, तंबाखू मागितली.

"चौक काढलास."

"देवी नाय काढली, आये."

"तेच तर. घर बांधलंस नि घरधनीण बोलावली नाय. उघड्या घरात कोण शिरंल ते कोणी सांगावं?"

"पुसला मी लगेच."

"कशानं?"

"डस्टरनं."

राहीबाईने तंबाखू चोळली. पास झालीस ना, एवढंच विचारलं आणि उठली.

फाल्गुनात बुधीच्या धाकट्या बहिणीचं, नलूचं लग्न. तांदूळ भिजत घातले होते. बुधीने पाट्याकडे हात नेला तर पाटा शेजारच्या पारूने आधीच ओढलेला. वाटण जाडंभरडं झालं, भिंतीवरून ओघळलं. शाळेतून एक लोखंडी खुर्ची आणली होती, ती मांडवाच्या तोंडाशी पाहुण्यांच्या रांगेत ठेवली. राहीबाई बुधीकडे न बघता म्हणाली,

"तुमी बसा, बाई."

जन्मात राहीबाईने तिला कधी तुमी म्हटलं नव्हतं.

आत गाणं सुरू झालं. बुधी खुर्चीत बसली.