राहून गेलेला दुसरा फेरा

इंजिनाचं हेड बदलणं हे घरी करायचं काम नाही, असं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं मत होतं आणि आईचंही. अण्णांचं मत वेगळं होतं, आणि जीप अण्णांची होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. बस डेपोच्या वर्कशॉपात त्यांनी फिटर म्हणून उभा जन्म काढला. निवृत्त झाल्यावर लालबागची खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो, पेणकरपाड्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मला अंधेरीला ऑफिसात नोकरी होती, आईला नव्या किचनचं कौतुक होतं, आणि अण्णांना काहीच नव्हतं. सकाळी पेपर वाचून झाला की ते गॅलरीत उभं राहून खालून जाणाऱ्या टेम्पोंचे आवाज ऐकायचे. कुणाचा क्लच गेलाय, कुणाचा सायलेन्सर फुटलाय, हे ते आईला सांगायचे. आई भाजी निवडता निवडता हं हं करायची. मग एका खदानवाल्याकडून त्यांनी जुनी डिझेल जीप आणली. आई तिला सरळ ‘माझी सवत’ म्हणायची.

वर्कशॉपातले अण्णांचे एक जुने सोबती भाईंदरपलीकडे, उत्तनजवळच्या डोंगरीला राहायचे. नोकरी लवकर सोडून ते भावाच्या मासेमारीच्या बोटीवर गेले होते. एकदा घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, “दिवाळीला बोट बंद ठेवतो. इंजिनचं हेड काढायचं हाय. बाहेरचा मिस्तरी मला नको, तूच ये. पण आधी ही तुझी जीप डोंगरीचा चढ चढून दाखव मला.” शेवटचं ते चेष्टेत बोलले होते. अण्णांनी मात्र ते चेष्टेवारी नेलं नाही. त्या दिवसापासून जेवताना विषय एकच, उत्तनच्या बाजूला किती बोटी आहेत आणि त्यांची इंजिनं कोण बघतं. कुणीतरी पुन्हा आपल्याला बोलावतंय, या आनंदात ते एकदम दहा वर्षांनी लहान झाले होते. मला थोडं हसू यायचं. आता वाटतं, हसण्यापेक्षा नीट बघून ठेवायला हवं होतं.

जीप चढ चढण्याच्या अवस्थेत नव्हतीच. रेडिएटरमधलं पाणी आपोआप कमी व्हायचं आणि इंजिनातलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागलं होतं. अण्णांनी हेड, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा जड लोखंडी ठोकळा, खोललं तर त्याला तडा. काशीमीऱ्याला हायवेवर जुन्या ट्रक-जीपचे भाग सुटे करून विकणारे होते, तिथून दुसरं हेड मिळालं. त्याची खालची बाजू तिथेच मशीनवर सपाट करून घेतली आणि रिक्षात घालून आणलं. रिक्षावाला सगळ्या वाटेत कुरकुरत होता. लिफ्ट असल्या सामानासाठी नाही, असं सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं, म्हणून ते धूड मी आणि अण्णांनी मजल्यामजल्यावर टेकवत वर नेलं. आठवडाभर आमच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रांवर त्याचा मुक्काम होता. अण्णा व्हॉल्व्ह घासत बसायचे. आईचं जुनं उलथनं काजळी खरवडायला गेलं ते परत आलंच नाही. पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लांब काड्या, बुटाच्या खोक्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवायचं काम माझं होतं. भोकांना मी स्केचपेनने नंबर घातले. अण्णा खोक्याकडे बघून म्हणाले, “ऑफिसात शिकलास ते वाया नाही गेलं.”

खाली कंपाउंडमध्ये जीपभोवती रेती आणि गोणपाट पसरलं होतं. सेक्रेटरी दर संध्याकाळी पाहणी करायला यायचे. “अंकल, ये रेसिडेन्शियल कंपाउंड है, गॅरेज नहीं.” अण्णा त्यांच्या वर्कशॉपी हिंदीत म्हणायचे, “मालूम है. दशेरे तक. एक थेंब नहीं गिरेगा.”

दसऱ्याच्या दोन दिवस आधी, शनिवारी, आम्ही हेड बसवलं. बोल्ट आवळायचे ते मधून बाहेर, रांगोळी मध्यापासून काढतात तसे, आणि एकदम नाही, थोडे थोडे करून. त्यासाठी लांब दांड्याचा टॉर्क पाना असतो. त्यावर आकडा लावायचा आणि ओढायचं. तेवढा जोर पोचला की तो ‘कट’ असा आवाज करतो. तो आवाज आला की थांबायचं. अण्णांचा खांदा दुखायचा म्हणून ओढत होतो मी. आकडा मात्र ते स्वतः लावत होते, पाना उन्हात धरून, डोळे बारीक करून. मोतीबिंदू धरत होता, पण चष्मा आण म्हटलं की राग यायचा. मी त्या आकड्याकडे बघितलं नाही. अण्णांनी लावलेला आकडा तपासायचा, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं.

इंजिन चालू झालं. अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग इंजिन चांगलं गरम झाल्यावर बंद करून म्हणाले, “आता हेडखालचं गॅसकेट दबून बसतं, बोल्ट हलके पडतात. उद्या गार झालं की दुसरा फेरा. तो नाही केला तर पहिला केलाच नाही, असं समज.”

रविवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दसरा पार पडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा अण्णांचा आयुष्यभराचा नेम. डेपोतही त्या दिवशी सगळे पाने आरामात असायचे. सकाळी पिशवी घेऊन निघताना ते मला म्हणाले, “मी झेंडू नि आंब्याचे टाळे घेऊन येतो. दुसरा फेरा तू कर. पान्याला आकडा लावून ठेवलाय. नंतर हत्यारं पूजेला मांड.” आणि जिन्यात वळून म्हणाले, “आता माझी गरज नाही तिथे.”

असं ते मला कधी बोलले नव्हते. मी चांगलाच फुगलो. पाने घेऊन खाली निघालोच होतो, तेवढ्यात आईने हाक मारली. तेव्हा आमच्याकडे पाणी सकाळी तासभर यायचं, आणि ते कधी जाईल याचा भरवसा नसायचा. “पाणी जाईल आता. आधी ती हत्यारं धुऊन दे. तशीच तेलकट ठेवणारेस काय देवापुढे?” मी म्हटलं, धुऊन तर टाकू. रॉकेल, साबण, काथ्या घेऊन मोरीत बसलो आणि त्यातच रमलो. एकेक पाना चकचकीत झाला. टॉर्क पाना फडक्याने पुसला आणि अण्णांनी शिकवल्याप्रमाणे त्याचा आकडा शून्यावर आणून ठेवला, कारण ताणून ठेवला तर आतली स्प्रिंग थकते. सगळं पाटावर ओळीने मांडलं. आईने हळदकुंकू वाहिलं, निरांजन लावलं. मी हात पुसून चहा घेतला. अर्धा कप संपल्यावर आठवलं की बोल्ट राहिलेत.

कुंकू लागलेला पाना उचलायचा तर आईने घर डोक्यावर घेतलं असतं. मी काही फार देवभोळा नव्हतो. पण त्या सकाळी मला तो नेम फार सोयीचा वाटला, हे खरं आहे. अण्णा आले, घामाघूम, दोन्ही हातांत झेंडूच्या पिशव्या. पाटाकडे बघून त्यांचा चेहरा खुलला.

“झाला दुसरा फेरा?”

मी म्हटलं, “झाला.”

‘राहिला’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? दोन शिव्या बसल्या असत्या. जीप दोन दिवस जागेवर उभी राहिली असती आणि मंगळवारी आम्ही दोघांनी अर्ध्या तासात काम उरकलं असतं. पण मला नुकतंच मोठं केलं होतं त्यांनी, आणि तो मोठेपणा मला दुपारपर्यंत तरी हवा होता. मंगळवारी ऑफिसातून लवकर येऊन गुपचूप बोल्ट आवळून टाकू, असा हिशेब मी केला.

दसऱ्याला अण्णांनी जीपला हार घातला आणि म्हणाले, “चला, डोंगरीला. सोनं द्यायला जाऊ.” त्यांच्या खिशात आपट्याची पानं होती. आई ठेवणीतली साडी नेसून पुढे बसली. मी मागे. मी म्हणू शकलो असतो, आज नको. मी म्हटलं एवढंच, की हळू चालवा. भाईंदर मागे पडलं, आणि चढ लागला तेव्हा अण्णांनी गिअर टाकला आणि आरशातून माझ्याकडे बघून हसले. चढाच्या मध्यावर एक फुस्स आवाज झाला. मग दुसरा. बॉनेटखालून पांढरी वाफ झेंडूच्या हारातून वर यायला लागली. अण्णांनी लगेच इंजिन बंद केलं. आई विचारत राहिली, काय झालं, काय झालं. 

त्यांचे सोबती वरच्या वळणावर वाट बघत उभे होते. ते चालत खाली आले. अण्णांनी खिशातली पानं काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांना मिठी मारली. मला त्या दोघांकडे बघवेना. सोबती म्हणाले, “व्हतं असं कधी कधी.” मग दोर बांधून एका टेम्पोच्या मागून आम्ही घरी आलो. सेक्रेटरी कंपाउंडमध्येच होते, पण त्या दिवशी त्यांनी नुसतं गेट उघडून धरलं.

मंगळवारी अण्णांनी पाटावरून पाना उचलला आणि खाली गेले. मी ऑफिसला दांडी मारली होती. त्यांनी वरचं झाकण काढलं आणि एकेका बोल्टला पाना लावला. बोल्ट हलक्या हाताने फिरत होते.

“दुसऱ्या फेऱ्याला फिरले होते का हे?”

“थोडे फिरले.”

“आणि कट झालं? प्रत्येकाला?”

“हो.”

त्यांनी पाना उन्हात धरला. बराच वेळ धरला. मग आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, “वरून माझा चष्मा आण.” मी चष्मा आणला. तो लावून त्यांनी आकड्यांवर नख फिरवलं आणि म्हणाले, “मीच चुकीचा लावला आकडा. दिसत नाही मला.” पान्याचा आकडा मी शून्यावर आणून ठेवला होता, त्यामुळे त्यांचा आकडा बरोबर होता की चूक, हे सांगायला आता कुणीच नव्हतं. पण दुसरा फेरा झालाच नाही, हे सांगायला मी होतो. मी मूग गिळून उभा राहिलो.

काशीमीऱ्याच्या एका मिस्त्रीने पुढे जीप दुरुस्त केली आणि अण्णांनी ती विकून टाकली. डोंगरीहून फोन आला तेव्हा त्यांनी नजर राहिली नाही म्हणून सांगितलं. सोबती समजूत घालायला घरी आले. “एकदा चुकलं म्हनून काय झालं? तू नुसता बाजूला बस, बाकी मी बघतो.” अण्णा नाही म्हणाले. बोटीवर माणसं असतात, भर समुद्रात इंजिन गेलं तर, असं म्हणाले. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा ओवण्याइतकी नजर परत आली. तरी खालच्या मजल्यावरचे शेजारी गाडीचा आवाज ऐकायला बोलवायला आले, तर अण्णा म्हणाले, “गॅरेजला दाखवा. मला त्यातलं कळत नाही.” मी दारातच उभा होतो. पुढच्या खंडेनवमीला पाटावर आईची विळी, तिचं शिवणाचं मशीन आणि माझा कॅल्क्युलेटर होता. पाने गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेले होते.

सांगेन, सांगेन, असं मी वर्षानुवर्षं म्हणत राहिलो. आधी भीती होती, मग लाज, आणि मग आता सांगून काय उपयोग असं वाटायला लागलं. हे तिसरं सगळ्यात खोटं होतं. उपयोग होता. त्यांना त्यांचे हात परत मिळाले असते.

ते आजारी पडले ते त्या दशकाच्या शेवटी. एका दुपारी गॅलरीत खुर्चीत बसले होते, छातीवर शाल. खालून एक टेम्पो खडखडत गेला आणि त्यांनी मान वळवली नाही. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, “अण्णा, त्या जीपच्या हेडचं मला तुम्हाला...”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “अजून घेऊन बसलायस ते? मला वाटलंच होतं. तेव्हापासून तुझं तोंड उतरलेलं बघतोय मी.” बोलताना त्यांना धाप लागत होती. “तू आवळलेस ते बरोबरच आवळलेस. आकडा माझा चुकला, तुझा काही दोष नाही. हे मी तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. राहून गेलं.”

मी मान डोलावली. मग त्यांची गोळी द्यायची होती, म्हणून पाणी आणायला उठलो.