ताईला न विचारलेलं

पोळ्यानंतरच्या रविवारी मी ताईचं नाव मंडळीच्या यादीतून काढलं.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत पांढुर्ण्यात ख्रिस्ती घरं सात-आठच होती आणि मंडळीचा चिटणीस मी होतो. ताई सौंसरला, संत्र्याचा बगीचा असलेल्या एका माणसाकडे लग्नाशिवाय राहायला गेली होती. मंडळीच्या पंचांनी तिला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत वाटली जाणारी भाकरी आणि द्राक्षरस, बंद केलं आणि तशी चिठ्ठी मी तिला लिहिली. कुणाचा न्याय करू नये, हे मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होतो. पण निर्णय पंचांचा, आपण फक्त लिहिणारे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या रविवारी ती बसने आली. भाकरीचं ताट मी तिला वगळून पुढे नेलं. नंतर दाराशी ती म्हणाली, "चिठ्ठीतलं अक्षर मस्त हाय तुयं. पण मले एकदा इचारायचं होतं ना, बाप्पा. त्याची पहिली बायको सोडून गेली, कोर्टाचा कागद भेटून नाही राहिला. आमी लग्नासाठीच थांबून आहो."

मी रिकामं ताट ठेवायला आत वळलो.

कागद येण्याआधीच कावीळ होऊन ताई गेली. आता मी चिटणीस नाही. सौंसरच्या त्या घरात तो माणूस एकटा राहतो. मी अजून तिथं गेलेलो नाही.